विंडोज ९८: रॅम वाढवली की ‘मेमरी अपुरी’ – पुन्हा पुन्हा उपटणारी तक्रार

लक्षणं बहुतेक अशीच असतात. पेंटियम ४ किंवा अॅथलॉनच्या काळातलं मशीन, त्यावर विंडोज ९८ सेकंड एडिशन, रॅम ७६८ एमबी किंवा १ जीबी. डेस्कटॉप व्यवस्थित येतो, गेमही चालतात. पण एमएस-डॉस प्रॉम्प्ट उघडायला जावं तर ‘हा प्रोग्रॅम चालवायला पुरेशी मेमरी नाही, एखाद-दोन प्रोग्रॅम बंद करून पुन्हा प्रयत्न करा’ अशा अर्थाची चौकट समोर येते. बंद करायला मुळात एकही प्रोग्रॅम उघडलेला नसतो. मग संदेशावर विश्वास ठेवून रॅम आणखी वाढवली जाते आणि दुखणं बळावतं: आता विंडोज सुरू होतानाच ‘विंडोज चालू करण्याइतकी मेमरी नाही’ म्हणून थांबते, किंवा लोगो दिसला न दिसला तोच मशीन रीस्टार्ट होत राहतं. रॅमची एक पट्टी काढून टाकली की सगळं सुरळीत.

इथे संदेशच दिशाभूल करणारा आहे. कमी पडते ती मेमरी नव्हे, पत्ते, म्हणजे मेमरीतली प्रत्येक जागा ओळखायला सिस्टम वापरते ते क्रमांक.

विंडोज ९८ मध्ये ४ जीबी पत्त्यांची वाटणी ठरलेली असते. खालचे २ जीबी मुख्यतः प्रत्येक प्रोग्रॅमचे स्वतःचे, २ ते ३ जीबी सगळ्यांचे सामायिक, आणि ३ ते ४ जीबी हा वरचा तुकडा सिस्टमचा. ड्रायव्हर, डॉस खिडक्या, ग्राफिक्स कार्डाची मेमरी, एजीपी अॅपर्चर (ग्राफिक्स कार्डासाठी राखलेले पत्ते) आणि डिस्कची कॅश (डिस्कवरचा डेटा पुन्हा लागेल म्हणून रॅममध्ये ठेवलेली प्रत) हे सगळे याच एका जीबीत दाटीवाटीने राहतात. कॅश सांभाळणारा व्हीकॅश नावाचा ड्रायव्हर बूट होताना रॅम किती आहे ते बघतो, त्या हिशेबाने ‘पुढेमागे कॅश जास्तीत जास्त एवढी वाढेल’ असं ठरवतो आणि तेवढे पत्ते आधीच अडवून ठेवतो. प्रत्यक्षात कॅश २० एमबीच वापरली जात असली तरी अडवलेले पत्ते सुटत नाहीत. रॅम ५१२ एमबीच्या वर गेली की ही आगाऊ नोंदणी इतकी मोठी होते की डॉसच्या एका खिडकीलाही जागा उरत नाही. १९९८ साली या सिस्टमला किमान १६ एमबी रॅम लागायची आणि घरच्या मशीनमध्ये ६४ एमबी म्हणजे चैन होती, त्यामुळे हा हिशेब कोणाला खटकला नाही.

आधी खात्री करा

याच शब्दांत तक्रार करणारी आणखी दोन दुखणी आहेत. उपाय वेगळे असल्याने ती आधी बाजूला काढलेली बरी.

पहिलं म्हणजे सिस्टम रिसोर्सेस संपणं. पडद्यावरच्या घटकांच्या काही नोंदींसाठी ६४ केबीचे जुने १६-बिट साठे विंडोज ९८ मध्येही आहेत, आणि रॅम कितीही असली तरी ते वाढत नाहीत. पण ही अडचण तास-दोन तास काम केल्यावर, बऱ्याच खिडक्या उघडल्यावर येते आणि रीस्टार्ट केलं की जाते. रिसोर्स मीटर उघडून बघा. नुकत्याच बूट झालेल्या मशीनवर ८०-९० टक्के मोकळे दिसत असूनही डॉस प्रॉम्प्ट उघडत नसेल तर रिसोर्सेसचा दोष नाही.

दुसरं, खराब रॅम. यात संदेश ठरावीक नसतो: कधी निळा पडदा, कधी एक्सप्लोरर कोसळतो, कधी फाइल कॉपी होताना बिघडते. मेमटेस्ट८६ एक पूर्ण फेरी चालवा. एकही चूक दिसली तर पुढचं काही करू नका, आधी पट्टी बदला.

पत्त्यांची टंचाई मात्र शिस्तीत वागते. तीच कृती, तोच संदेश, दर वेळी. आणि रॅम ५१२ एमबीच्या आत आणली की लगेच गायब.

दुरुस्ती

बदल एकाच फाइलमध्ये करायचा आहे: विंडोज फोल्डरमधली सिस्टम.आयएनआय. आधी तिची प्रत काढून ठेवा. डेस्कटॉप येत असेल तर नोटपॅड पुरे. येत नसेल तर एक पट्टी सोडून बाकीच्या काढून ठेवा आणि २५६ किंवा ५१२ एमबीवर बूट करा; हा सगळ्यात बिनघोर मार्ग. मशीन उघडायचं नसेल तर बूट होताना कंट्रोल की दाबून धरा, मेनूतून ‘कमांड प्रॉम्प्ट ओन्ली’ निवडा आणि डॉसच्या एडिट प्रोग्रॅममध्ये फाइल उघडा. तो विंडोजमधल्या कमांड या फोल्डरात असतो. नुसत्या नावाने सापडला नाही तर पूर्ण पाथ द्या.

फाइलमध्ये चौकटी कंसातल्या नावांचे विभाग दिसतील. त्यातला व्हीकॅश शोधा. नसेल तर फाइलच्या शेवटी नवीन ओळीवर तयार करा, असेल तर त्याच्याच खाली लिहा. एकाच नावाचे दोन विभाग ठेवू नका. या विभागात मॅक्सफाइलकॅश नावाची ओळ घालायची, बरोबरचं चिन्ह, आणि पुढे २६२१४४ हा आकडा. सगळं रोमन लिपीत, मधे कुठेही स्पेस नाही. नावातला शेवटचा शब्द सी-ए-सी-एच-ई असा आहे. सी-ए-एस-एच म्हणजे रोख रक्कम लिहिलेल्या फाइली आश्चर्य वाटावं इतक्या सापडतात. विंडोज कुरकुर करत नाही, ओळ न ओळखून पुढे जाते, आणि ‘उपाय केला पण फरक पडला नाही’ असं वाटत राहतं.

हा आकडा केबीमध्ये आहे, साध्या दशमान पद्धतीत. २५६ गुणिले १०२४ म्हणजे २६२१४४. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या सूचनेत वरची मर्यादा ५१२ एमबी, म्हणजे ५२४२८८ आहे, पण तिथपर्यंत ताणण्यात काही हशील नाही. ग्राफिक्स कार्ड मोठं असेल तर ५१२ वर अडचण कडेलोटाच्या टोकावर उभी राहते. विंडोज ९८ चा रोजचा वापर बघता १२८ एमबी कॅशही उदंड. त्यासाठी १३१०७२ लिहा.

रॅम १ जीबीपर्यंत असेल तर बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. त्यापुढे गेलात तर कॅशला लगाम घालून उपयोग नाही, विंडोजला दिसणारी रॅमच कमी करावी लागते. त्यासाठी ३८६एन्ह या विभागात मॅक्सफिजपेज ही ओळ घाला. तिचं स्पेलिंग एम-ए-एक्स, पी-एच-वाय-एस, पी-ए-जी-ई, सलग. पुढचा आकडा ५१२ एमबीसाठी २००००, ७६८ साठी ३००००, १ जीबीसाठी ४००००.

इथे सगळ्यात जास्त लोक घसरतात. हा आकडा केबीत नाही आणि दशमानही नाही. तो पानांची, म्हणजे मेमरीच्या ४ केबीच्या तुकड्यांची संख्या आहे, हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे सोळाच्या पटीत मोजणाऱ्या पद्धतीत लिहिलेली. हेक्समधले २०००० म्हणजे आपले १३१०७२, त्याला ४ केबीने गुणलं की बरोबर ५१२ एमबी. आता कोणी ‘पानं १३१०७२ पाहिजेत’ असा हिशेब करून तोच आकडा तसाच लिहिला, तर विंडोज तो हेक्स समजून वाचते: १२४९३९४ पानं, म्हणजे जवळपास पावणेपाच जीबी. मर्यादा घातलीच नाही असं होतं. मॅक्सफाइलकॅशला दशमान केबी आणि मॅक्सफिजपेजला हेक्स पानं, एकाच फाइलमध्ये दोन मापं. ज्याने कोणी हे ठरवलं त्याला नमस्कार.

हाताने लिहायची धास्ती वाटत असेल तर स्टार्ट मेनूतल्या रनमध्ये एमएसकॉन्फिग चालवा, जनरल टॅबवर अॅडव्हान्स्ड, आणि मेमरी मर्यादित करण्याच्या चौकटीत ५१२. आतून तीच मॅक्सफिजपेजची मर्यादा लागते. दोन्ही वाटांनी एकाच वेळी जाऊ नका, नंतर कोणती ओळ कोणी घातली याचा पत्ता लागत नाही.

आमचं मत विचाराल तर ५१२ एमबीच्या वर विंडोज ९८ ला रॅम देण्यात अर्थ नाही. त्या काळातला क्वचितच एखादा प्रोग्रॅम ती वापरतो. त्याच मशीनवर दुसऱ्या पार्टिशनमध्ये विंडोज एक्सपी असेल आणि तिच्यासाठी रॅम ठेवायची असेल तरच ही फाइल-दुरुस्ती करा. नुसती ९८ असेल तर जास्तीची पट्टी काढून ड्रॉवरमध्ये ठेवणं हाही पूर्ण उपाय आहे.

एजीपी अॅपर्चर

कॅश कमी करूनही दोन डॉस खिडक्या उघडतात आणि तिसरी नाही, असं झालं तर बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये जा. चिपसेटच्या पानावर एजीपी अॅपर्चर साइझ असतं. अॅपर्चर म्हणजे ग्राफिक्स कार्डासाठी राखलेले पत्ते, आणि तेही त्याच वरच्या एका जीबीतून जातात. तिथे २५६ असेल तर ६४ करा. यामुळे रॅम खर्च होत नाही की मोकळी होत नाही. फरक पडतो तो पत्त्यांत. कार्डावरची स्वतःची मेमरी वेगळी मोजली जाते, म्हणून २५६ एमबीचं कार्ड ९८ मध्ये लावताना हा हिशेब आधीच करून ठेवावा.

झालं की नाही ते कसं बघायचं

रीस्टार्ट करा. माय कम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये रॅमचा आकडा बघा. मॅक्सफिजपेज लावलं असेल तर ५१२ च्या आसपास दिसला पाहिजे, फक्त कॅशची ओळ घातली असेल तर आकडा पूर्वीचाच राहील. मग चार-पाच डॉस प्रॉम्प्ट एकाच वेळी उघडे ठेवा. सगळे उघडले तर काम झालं.

पुरावा डोळ्यांनी बघायचा असेल तर सिस्टम मॉनिटर उघडा, त्यात मेमरी मॅनेजरखाली डिस्क कॅशच्या कमाल मर्यादेचा आलेख जोडा. दुरुस्तीपूर्वीचा आणि नंतरचा आकडा शेजारी ठेवला की व्हीकॅश किती पत्ते अडवून बसला होता ते कळतं. सिस्टम मॉनिटर मेनूत नसेल तर अॅड-रिमूव्ह प्रोग्रॅम्समधल्या विंडोज सेटअप टॅबवरून, सिस्टम टूल्सखालून तो जोडता येतो.

पुन्हा का येतं

एकदा दुरुस्त केलेलं मशीन महिन्या-दोन महिन्यांनी तोच संदेश देतं. खरी डोकेदुखी ही आहे, आणि तिची कारणं मोजकीच असतात.

रजिस्ट्री चेकर हा पहिला संशयित. विंडोज ९८ रोज पहिल्या यशस्वी बूटनंतर रजिस्ट्रीची (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्याची) प्रत घेते आणि एका दडवलेल्या फोल्डरात, विंडोजमधल्या सिसबीकअपमध्ये, शेवटच्या पाच प्रती ठेवते. त्या कॅब, म्हणजे आवळून बांधलेल्या फाइलींमध्ये रजिस्ट्रीसोबत विन.आयएनआय आणि सिस्टम.आयएनआयसुद्धा असतात, हे बहुतेकांच्या ध्यानात नसतं. दुसऱ्याच कुठल्या ड्रायव्हरच्या गोंधळामुळे स्कॅनरेग रिस्टोर, म्हणजे जुनी प्रत परत आणण्याची आज्ञा चालवली की दुरुस्तीपूर्वीची सिस्टम.आयएनआय परत येते आणि आपली ओळ नाहीशी होते. म्हणून दुरुस्ती जमली की लगेच रनमधून स्कॅनरेगडब्ल्यू चालवा. आजची प्रत आधीच घेतली आहे, पुन्हा घ्यायची का, असं ते विचारेल, हो म्हणा. आता सगळ्यात नवी प्रत तरी दुरुस्त असेल.

दुसरा संशयित मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल, सीआर२०३२. तो संपत आला की बायोस मूळ सेटिंग्जवर जातं आणि ६४ केलेलं अॅपर्चर बोर्डाच्या डिफॉल्टवर परततं. खूण सोपी आहे: घड्याळ मागे पडलेलं, तारीख वर्षानुवर्षं जुनी. अशा मशीनवर मेमरीची तक्रार आली की सिस्टम.आयएनआय उघडण्याआधी तारीख बघा. नवा सेल मल्टिमीटरवर ३ व्होल्ट किंवा किंचित वर दाखवतो. २.८ च्या खाली दिसला तर वाट बघू नका.

तिसरा, एमएसकॉन्फिगमधली खुडबूड. सिलेक्टिव्ह स्टार्टअपमध्ये सिस्टम.आयएनआय वाचण्यापुढची खूण काढली की आपली ओळही वगळली जाते. दुसरी काही अडचण शोधताना लोक ही खूण काढतात आणि मग एकाऐवजी दोन अडचणी शोधत बसतात.

सेफ मोडचं प्रकरण वेगळंच. नेहमीची विंडोज चालते, पण सेफ मोड मेमरी अपुरी म्हणून सुरू होत नाही. कारण सेफ मोड सिस्टम.आयएनआय वाचतच नाही, त्याच फोल्डरातली सिस्टम.सीबी वाचतो. मॅक्सफिजपेजची ओळ त्या फाइलमध्येही ३८६एन्हखाली घाला. १ जीबीच्या वरच्या मशीनवर हे आधीच करून ठेवा. सेफ मोडची गरज लागते तेव्हा मशीन उघडून पट्ट्या काढायला उत्साह उरलेला नसतो.

आणि विंडोज नव्याने टाकली तर अर्थातच सगळं पहिल्यापासून. त्यामुळे इन्स्टॉलेशन एका २५६ एमबीच्या पट्टीवर करा, ओळी घाला, एकदा रीस्टार्ट करून तपासा, आणि मग उरलेल्या पट्ट्या लावा. उलट क्रमाने केलं तर सेटअप अर्ध्यात अडकतो.

सगळं झालं, तरी स्कॅनडिस्क रडतोय

डॉस प्रॉम्प्ट उघडतात, पण स्कॅनडिस्क (डिस्क तपासणारा प्रोग्रॅम) किंवा डीफ्रॅग (फाइलींचे तुकडे सलग लावणारा) एखाद्या ड्राइव्हवर ‘मेमरी पुरत नाही’ म्हणतो. याचा रॅमशी संबंध नाही. स्कॅनडिस्क १६-बिट प्रोग्रॅम आहे. एका वेळी तो १६ एमबीला ६४ केबी कमी एवढाच तुकडा घेऊ शकतो आणि फॅट तक्ता, म्हणजे डिस्कवर कोणती फाइल कुठे आहे याची यादी, त्यात मावावा लागतो. दर क्लस्टरला (डिस्कवर जागा वाटण्याच्या सगळ्यात लहान तुकड्याला) ४ बाइट धरले तर मर्यादा येते ४१,७७,९२० क्लस्टरची. ३२ केबीचे क्लस्टर असतील तर ही हद्द १२७.५३ जीबीवर येते, म्हणून ९८ च्या स्वतःच्या फॉरमॅटने केलेल्या पार्टिशनला सहसा काही होत नाही. पण हल्लीच्या एखाद्या पार्टिशन साधनाने ४० जीबीचं फॅट३२ पार्टिशन ४ केबी क्लस्टर ठेवून केलं असेल, तर तीच हद्द १६ जीबीच्या जरा अलीकडे येते आणि स्कॅनडिस्क हात टेकतो. डॉस प्रॉम्प्टवर चेकडिस्क चालवा, शेवटी एकूण अॅलोकेशन युनिट्स (म्हणजेच क्लस्टर) आणि प्रत्येकाचा आकार दिसतो. युनिट्स ४१ लाख ७७ हजारांच्या पुढे असतील तर डेटा दुसरीकडे काढून ९८ च्याच फॉरमॅटने पार्टिशन पुन्हा तयार करणं हा सरळ उपाय. डिस्क १३७ जीबीहून मोठी असेल तर थांबा: ९८ चा मूळ आयडीई ड्रायव्हर (हार्ड डिस्क चालवणारा) २८-बिट पत्ते वापरतो, आणि त्या हद्दीपलीकडे लिहायला गेलं की आधीचा डेटा खराब होऊ शकतो. अशी डिस्क ९८ ला देऊच नका.

व्हर्च्युअल मशीनमध्ये

व्हर्च्युअल मशीन म्हणजे आजच्या कम्प्युटरवर सॉफ्टवेअरने उभा केलेला कम्प्युटर. इथे ओळी-बिळींची भानगड नको. सेटिंगमध्ये रॅम २५६ एमबी द्या. एवढं करूनही बूट होताना विंडोज प्रोटेक्शन एररच येत असेल तर दोष मेमरीचा नाही. अलीकडच्या बऱ्याच प्रोसेसरांवर विंडोज ९एक्सच्या, म्हणजे ९५-९८ च्या कुटुंबाच्या, मेमरी मॅनेजरमधली एक जुनी चूक उघडी पडते: पानांचे पत्ते बदलल्यावर प्रोसेसरने लक्षात ठेवलेले जुने पत्ते ती नीट पुसत नाही. जुन्या प्रोसेसरांवर हे खपून जायचं. त्यासाठी पॅचर९एक्स हे मोफत साधन आहे. ते विंडोजच्या सिस्टम फाइली दुरुस्त करतं. वेगवान प्रोसेसरवर विंडोज ९५ आणि ९८ च्या पहिल्या आवृत्तीत येणारी, २.१ गीगाहर्ट्झच्या पुढची नेटवर्क ड्रायव्हरची प्रोटेक्शन एररही त्यातच सुटते. पॅच लावण्याआधी व्हर्च्युअल डिस्कची प्रत काढा, आणि इन्स्टॉलेशनच्या मधल्या रीस्टार्टला अडकलात तर साधनाच्या बूट फ्लॉपीवरून पॅच लावून सेटअप पुढे चालू करा.